चौकस राहायचं की भोचक? गृहभेटीत किती विचारायचं आणि कळलेलं कुणाला किती सांगायचं

जिल्हा बाल संरक्षण कक्षात सात महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: दुसरीतला सात वर्षांचा मुलगा, डोळ्याखाली आणि दंडावर काळंनिळं. आई म्हणते सायकलवरून पडला. वर्गशिक्षिका म्हणतात, या वर्षातली ही तिसरी वेळ. आरोग्य केंद्रात त्याला नेलं होतं, पण केसपेपर गोपनीय असतो म्हणून तिथले डॉक्टर दाखवायला तयार नाहीत. ताई गृहभेटीला गेल्या. घर नीटनेटकं, आई बोलकी, चहा झाला. पुढे दोन प्रश्न विचारले तर, "आमच्यावर संशय घेता का?" प्रशिक्षणात 'प्रोफेशनल क्युरिऑसिटी' हा शब्द ऐकला होता, पण प्रत्यक्षात काय करायचं, आणि कळलेलं कुणाला किती सांगायचं, हे त्या विचारतात.

ताई, ती सायकल तुम्ही पाहिलीत का?

हा टोमणा नाही. मीसुद्धा पहिली काही वर्षं सायकल न बघताच परत आले असते. समोरचं माणूस नीट बोललं, कारण पटण्यासारखं दिलं, की आपलं मन तिथे टेकतं. प्रशिक्षणातल्या त्या जड शब्दाचा अर्थ एवढाच, की मन टेकू द्यायचं नाही. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, चौकसपणा. आणि तुम्हाला भीती वाटते ती भोचकपणाची. भोचक माणूस स्वतःच्या करमणुकीसाठी विचारतो आणि कळलेलं चार ठिकाणी वाटतो. चौकस माणूस मुलासाठी विचारतो आणि कळलेलं योग्य ठिकाणी पोचवतो. विचारलेले प्रश्न कधी कधी अगदी तेच असतात. म्हणून तुमचे दोन प्रश्न, किती विचारू आणि कुणाला सांगू, हे मला एकच वाटतात.

हा शब्द आला इंग्लंडातून, आणि फार महागात पडून आला. व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आयव्हरी कोस्टहून नात्यातल्या बाईबरोबर आलेली आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये मरण पावली. अंगावर १२८ जखमांच्या खुणा मोजल्या गेल्या. पोलिस, दवाखाने, समाजसेवा विभाग, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं असे किमान बारा प्रसंग मोजले आहेत. त्यातली एक गोष्ट मला कायम टोचते. ती मुलगी त्या बाईसमोर अगदी ताठ, सावधान उभी राहायची. तिची केस बघणाऱ्या कार्यकर्तीला वाटलं, त्यांच्या संस्कृतीत मोठ्यांचा आदर असाच करत असतील. आपण हे रोज करतो. "पोर फार गुणी आहे हो, मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही." हे वाक्य मी स्वतः एका गृहचौकशी अहवालात लिहिलं आहे. कौतुक म्हणून.

तो अहवाल माझ्या चुकीचा आहे, म्हणून सांगते. तपशील बदललेत, गाव सांगणार नाही. ऊसतोडीचा पट्टा. आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेले. तेरा वर्षांची मुलगी मागे, आजी आणि चुलत्यांजवळ. शाळेने कळवलं की मुलगी वर्गात झोपते. मी गेले. अंगण सारवलेलं, आजी प्रेमळ, चुलते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मुलगी गप्प. लिहिलं, 'घरातील वातावरण समाधानकारक'. फाइल खाली गेली.

पुढे जे बाहेर आलं ते इथे लिहीत नाही. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला, एवढं पुरे. नंतर मी त्या गावात चार दिवस फिरले तेव्हा काय दिसलं ते मात्र लिहिते. आशाताईंना माहीत होतं की आजी मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस तालुक्याला होती. अंगणवाडी सेविकेला माहीत होतं की मुलगी त्या दिवसांत रात्री शेजारणीकडे झोपायला जाऊ का विचारत होती, आणि शेजारीण तिला हसली होती. वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात सोमवारमागून सोमवार कोरे होते. आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरात 'पोटदुखी' तीनदा. यातलं एकेक घेतलं तर काहीच नाही. म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन होतं, मुली शाळा बुडवतात, पोटं दुखतात. चारही वह्या एका टेबलावर कुणी उघडल्या असत्या, तर मी ते 'समाधानकारक' लिहिलं नसतं. आणि मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता: तू झोपतेस कुठे?

गावात माहिती कमी नसते. टपरीवर, पाणवठ्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर ती भरपूर फिरते. जिथे जायला हवी तिथेच तेवढी जात नाही.

आता विचारायचं कसं. 'का' ने सुरू होणारे प्रश्न मी जवळपास सोडलेत. "का मारलंत", "का पाठवत नाही शाळेत" म्हटलं की माणूस वकील होतो. त्याऐवजी दिवस विचारायचा. "काल सकाळी उठल्यापासून सांगा. पहिला कोण उठतं? चूल कोण पेटवतं? पोराला आंघोळ कोण घालतं? तुम्ही मजुरीला गेलात की तो कुणाजवळ?" यात आरोप नाही, पण घरातली सगळी माणसं, सगळ्या वेळा आणि सगळी रिकामी जागा दिसते. आणि दाखवा म्हणायचं. पाणी कुठून आणता, चला बघू. मूल झोपतं कुठे, दप्तर कुठे ठेवतं, पडलं ते कुठे. लोक वस्तू दाखवायला नाही म्हणत नाहीत, आणि वस्तू दाखवताना मनातलं बोलून जातात.

"संशय घेता का?" याला माझं ठरलेलं उत्तर आहे. "वहिनी, पोराला तीनदा लागलंय. मी नाही विचारलं तर माझ्या कामाचा उपयोग काय? तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच विचारलं असतं." हे खरं असलं पाहिजे, मात्र. सगळ्यांना आपण खरंच हेच विचारतो का? आपल्या कामातली एक लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पालावर आपण डबे उघडून बघतो आणि वाड्यावर चपला काढून चहा पितो. पारध्याच्या झोपडीत विचारतो ते सरपंचांच्या घरात विचारायला जीभ अडते. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे आणि फरशी पुसलेली म्हणजे मूल सुरक्षित नव्हे, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तरी पाय अडतातच.

चौकसपणा दोन्हीकडून चालतो. मेळघाटात पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाळाच्या पोटावर चटक्यांचे डाग पाहून माझं डोकं फिरलं. घरच्यांना वाटलं होतं ते बाळाला बरं करतायत; पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डागतात, त्याला तिकडे डंबा म्हणतात. बाळाला इजा झालीच होती, धोकाही होता, गप्प बसण्यासारखं ते मुळीच नव्हतं. पण त्या आईशी बोलणं आणि छळ करणाऱ्या माणसाशी बोलणं एक नाही. तिथे दवाखान्यावरचा विश्वास हा प्रश्न होता. पहिला राग खरा धरून मी निघाले असते तर पुढच्या वेळी त्यांनी बाळ लपवलं असतं.

आणि मुलाशी बोला. त्याच्या भाषेत. इंग्लंडातच कॉव्हेंट्रीला २०१२ मध्ये डॅनियल पेल्का नावाचा चार वर्षांचा पोलिश मुलगा मरण पावला. शाळेत तो कचऱ्याच्या डब्यातलं खायचा, वाळत चालला होता. आई म्हणायची त्याला खाण्याचा आजार आहे. त्याआधी हात मोडला होता तेव्हा कारण होतं सोफ्यावरून उडी मारली. पुढच्या वर्षी आलेल्या चौकशी अहवालात नोंद आहे की घरच्या आयुष्याबद्दल कुणीही व्यावसायिक त्या मुलाशी बोलल्याचं कागदावर कुठेच नाही. सगळे त्याच्याबद्दल बोलले, त्याच्या आईशी. आपल्याकडे कोरकू, गोंडी, गोरमाटी बोलणारी मुलं असतात आणि दुभाषी म्हणून आपण चुलत्यालाच बसवतो! भाषा येणारी अंगणवाडी सेविका शोधा, शेजारच्या गावची असली तर आणखी बरं.

मुलाने काही सांगायला सुरुवात केली, विशेषतः लैंगिक प्रकाराबद्दल, तर मात्र थांबायचं. ऐकायचं, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि खोदायचं नाही. तपास आपला नव्हे. जबाब नोंदवायला साध्या वेशातल्या, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकारी येतात, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे. मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. आपण चार वेळा वदवून घेतलं तर पाचव्यांदा मूल वेगळं सांगतं आणि बचाव पक्ष तेच धरतो.

आता दुसरा अर्धा. 'गोपनीय आहे' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याचा खरा अर्थ 'मला यात पाडू नका' असा असतो हे ओळखू येतं. कायदा काय म्हणतो ते नीट बघा. पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाची ओळख जगजाहीर करायला मनाई करतात. नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही. पण त्याच पोक्सोचं कलम १९ सांगतं की गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्याबद्दल वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, कळूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा उभा केला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं म्हटलं. म्हणजे गोपनीयता बाहेरच्यांपासून असते, ज्यांचं काम मुलाला वाचवणं आहे त्यांच्यापासून नव्हे. बरेच लोक नेमकं उलटं वागतात. पोलिसांना कळवत नाहीत आणि बायकोला सांगतात.

मी स्वतःपुरता एक शब्द ठरवलाय: कामापुरतं. पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला (मुलाच्या काळजी-संरक्षणाचा निर्णय घेते ती) सगळं, अर्धवट वाटणारंसुद्धा. शिक्षिकेला ती रोज मुलाला बघते म्हणून काय बघायचं, मुलाला न्यायला कोण आलं तर सोडायचं नाही आणि फोन कुणाला करायचा, एवढंच. घरात काय घडलं याची कथा तिला नको. आशाताईंना आरोग्यापुरतं. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष असतात आणि गाव लहान असतं, म्हणून तिथे नाव घेऊन चर्चा करायची नाही. गावात किती मुलं शाळाबाह्य आहेत, कोणत्या घरांचे आईबाप बाहेर आहेत, हंगामी वसतिगृह सुरू झालं का, हे बोलायला ती जागा उत्तम आहे. आणि कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचा फोटो टाकून 'आज एका बालकाची सुटका' लिहायची जी हौस आलीय, ती कृपा करून सोडा. (गाडीवरचा 'महिला व बाल विकास' हा फलकसुद्धा माहितीच देतो. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत ती जीप ज्या दारात थांबते त्या दाराचं नाव संध्याकाळपर्यंत सगळीकडे. मी गाडी आरोग्य केंद्रापाशी लावून चालत जायचे.)

माहिती मागायची कशी, हेही शिकावं लागतं. "या मुलाबद्दल काही माहिती आहे का?" याचं उत्तर 'नाही' असतं. "मॅडम, जूनपासूनची हजेरी बघू. गैरहजर दिवसांच्या दुसऱ्या दिवशी तो कसा होता आठवतं का?" याचं उत्तर मिळतं. आणि का विचारतेय ते आधी सांगितलं तर जास्त मिळतं. लिहिताना डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने लावलेलं वेगळं ठेवा. 'मुलगी घाबरलेली वाटली' हे पुढे कुणाच्याच उपयोगाचं नाही. 'चुलते आत आल्यावर मुलीने वाक्य अर्धवट सोडलं आणि उठून चुलीपाशी गेली' हे दोन वर्षांनीही उपयोगी पडतं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर हे सगळं फार सरळ वाटेल. लैंगिक गुन्ह्याची शंका असेल तर कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. मारहाण, उपासमार, दुर्लक्ष यांत मात्र तुमच्या निर्णयाला जागा आहे. कधी मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं म्हणून चोवीस तासांत समितीपुढे न्यावं लागतं, कधी आईला मजुरीच्या वेळात अंगणवाडी मिळवून दिली की प्रश्न सुटतो. सतरा वर्षांच्या मुलीचं स्वतःच्या इच्छेचं नातं आणि त्यातून आलेलं गरोदरपण, इथे कळवण्याची सक्ती मुलीला दवाखान्यापासूनच दूर लोटू शकते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अशा अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिची ओळख न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. आणि बालविवाहाची खबर असेल तर तास मोजायचे असतात. ग्रामसेवक तिथले प्रतिबंध अधिकारी आहेत, पण नवऱ्या मुलाचे मामाही तेच असतील तर थेट १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि पोलिस. अशा वेळी मी वरिष्ठांच्या परवानगीची वाट बघितलेली नाही, फोन झाल्यावर सांगितलंय.

तुमच्या मुलाकडे येते. तीनदा लागलंय, तीन कारणं वेगवेगळी होती का हे वर्गशिक्षिकेला विचारा आणि तारखा लिहून घ्या. डॉक्टरांशी वाद घालू नका, तेही घाबरलेले आहेत. बाल कल्याण समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिच्यापुढे प्रकरण मांडा, समितीचं पत्र घेऊन जा, केसपेपर मिळेल. त्यात जखमेचं वय आणि जागा बघा. सायकलवरून पडलेल्या पोराचे गुडघे, कोपर, तळहात सोलवटतात. दंडाची आतली बाजू सहसा नाही. हे डॉक्टरांकडूनच वदवून घ्या, आपण डॉक्टर नाही. दुसरी भेट संध्याकाळी द्या, पहिली सकाळची होती ना? तुमच्या प्रश्नात मुलाच्या बापाचा एकदाही उल्लेख नाही, मला हेच सगळ्यात आधी जाणवलं. तो कुठे असतो, घरी कधी येतो, आईला कधी लागलंय का. हे तिला एकटीला विचारा, मुलासमोर नाही आणि सासूसमोर तर नाहीच.

या सगळ्यात दोन दिवसांहून जास्त लावू नका. मधल्या वेळात नवी जखम दिसली तर वर्गशिक्षिकेने त्याच तासाला तुम्हाला फोन करायचा, असं तिच्याशी आजच ठरवा.

आणि त्या पोराला म्हणा, तुझी सायकल दाखव. त्याच्याबरोबर ती जिथे आहे तिथवर चालत जा. नसलीच, किंवा शेजाऱ्याची निघाली, तर तसं लिहा. असली, त्याच्या उंचीला मोठी, चेन उतरलेली, एक ब्रेक तुटलेला, तर तेही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहा.